भयपटाला वाडा द्या

महोदय,

'इन्सिडियस' या इंग्रजी भयपटाचा दुसरा भाग (2013) परवा पुन्हा पाहिला. पहिल्याप्रमाणेच दिग्दर्शक जेम्स वान यांचाच असलेला हा भाग, पहिला संपतो तिथून सुरू होतो. लॅम्बर्ट कुटुंब आजीच्या घरी राहायला येते, पण संकट बापाच्याच अंगात शिरून सोबत आलेले असते. दोन डबे दोऱ्याने जोडून पोरे फोन-फोन खेळतात. रात्री धाकटा गाढ झोपलेला, आणि थोरल्याच्या डब्यातून कुजबुज सुरूच! रक्ताचा एक थेंब न दाखवता अंगावर काटा येतो. दुसरा भाग काढायचा तर असा, घरातल्या माणसांची गोष्ट पुढे नेणारा. नुसता किंचाळ्यांचा आवाज वाढवून भीती वाढत नाही.

असे घर आपल्याकडे नाही का? कोल्हापुरात शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत अजून काही जुने वाडे उभे आहेत. दिवसाही दिवा लागणारे माजघर, माडीवर जाणारा अरुंद लाकडी जिना, वापरात नसलेली कडी लावलेली खोली. सेट उभारायची गरजच नाही. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच गावातली, 'प्रभात' फिल्म कंपनीही 1929 मध्ये इथेच सुरू झाली. त्या गावात मराठी भयपट उत्तम बनू शकतो, अशी माझी खात्री आहे.

वाडे एकेक करून पडत आहेत, तिथे अपार्टमेंट होत आहेत. आपल्या तरुण दिग्दर्शकांनी आधी इथे यावे, आणि वाडामालकांनीही चित्रीकरणाला आडकाठी करू नये, ही कळकळीची विनंती.

— एक चित्रपटप्रेमी, शिवाजी पेठ, कोल्हापूर