आजीच्या खोलीचा कोपरा

कॅल्गरी, 14 जून

ती. बाबांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही आजीच्या खोलीचं पार्टिशन दाखवलंत. हॉल लहान झाला, पण खिडकी तिच्या वाट्याला आली हे फार बरं झालं. मग तुम्ही कॅमेरा पॅसेजच्या वळणावर नेलात आणि माझी नजर तिथेच अडकली. दोन बोर्ड काटकोनात भेटलेत, एकाच्या कडेचा कागद फाटून आतलं पांढरं जिप्सम दिसतंय, आणि मागून मिस्त्रींचा आवाज, "पुट्टीनं धार काढून देतो." बाबा, तो कोपरा नुसत्या पुट्टीवर सोडू नका. फोनवर अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आजी रात्री उठली की दिवा लावत नाही, भिंतीला हात लावत लावत बाथरूमपर्यंत जाते. शनिवार पेठेतल्या वाड्यात माजघराच्या दाराशी तिचा हात टेकायचा तेवढीच जागा कशी गुळगुळीत झाली होती, आठवतं ना? पण तिथे हातभर जाडीची भिंत होती. इथे साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड आहे आणि वळताना ती नेमकी याच कोपऱ्यावर भार देणार. पुढे कधी वॉकर आला तर त्याचा पायही इथेच आपटणार. सिमेंटच्या गिलाव्याला गवंडी फळी लावून धार काढतो ती टिकते, कारण माल मुळात कडक असतो. जिप्समची उघडी कड नखानंही उकरते. तिच्यावर पुट्टी चढवली की दिसायला छान दिसते, पण पहिल्या धक्क्याला टवका उडतो.

म्हणून तिथे पट्टी हवी. बोहरी आळीत गेलात की जिप्सम बोर्डाची कॉर्नर बीड मागा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची, काटकोनात वाकवलेली, दोन्ही पंखांना भोकं आणि मधोमध गोलसर उंच कणा, अशी असते. प्लास्टिकचीही मिळते, ती गंजत नाही. पण धक्का खायच्या जागी मी पत्र्याचीच घेईन. छतापर्यंत एकाच तुकड्यात जाईल एवढी लांब बघा. घरी आणताना मात्र रिक्षात कोंबू नका. एकदा मुरडली की ती पुन्हा सरळ होत नाही.

पट्टी पत्र्याच्या कात्रीनं अर्धा इंच आखूड कापायची. वर छताला टेकवायची आणि खाली फट ठेवायची, म्हणजे फरशी पुसतानाचं पाणी तिला लागत नाही, आणि फट स्कर्टिंगमागे झाकली जाते. मग ओळंबा धरून ती सरळ आहे ना ते बघायचं. इथल्या घरांत भिंतीच्या आत लाकूड असतं, त्यामुळे खिळे चालतात. तुमच्याकडे आत पत्र्याचे चॅनेल आहेत, त्यांत खिळा धरणार नाही. बोर्डाचेच स्क्रू वापरायला सांगा, साधारण दर नऊ इंचांवर, दोन्ही पंखांना समोरासमोर.

इथेच मी चुकले होते, ते सांगते. आमच्या बेसमेंटच्या जिन्याजवळ पट्टी लावताना मला वाटलं, स्क्रू जितका घट्ट तितकं काम पक्कं. शेवटपर्यंत आवळत गेले. प्रत्येक स्क्रूपाशी पंख आत ओढला गेला आणि कणा नागमोडी झाला. मला ते दिसलंच नाही. वरून कंपाउंडचे, म्हणजे सांधे भरायच्या लगद्याचे, तीन हात दिले, घासलं, रंगवलं. इथे जूनमध्ये रात्री साडेनऊलाही ऊन असतं. एका संध्याकाळी ते तिरकं भिंतीवर आलं आणि वरपासून खालपर्यंत लाटा दिसल्या. सगळं उखडून नवी पट्टी लावली. म्हणून स्क्रूचं डोकं पंखावर टेकलं की थांबायचं. आणि प्रत्येक स्क्रूनंतर लिंपायच्या रुंद पत्तीचं एक टोक कण्यावर, दुसरं बोर्डावर टेकवून बघायचं. पत्तीखाली फट राहिली पाहिजे आणि स्क्रूचं डोकं पत्तीला लागता कामा नये. कणा बोर्डापेक्षा दीडेक मिलिमीटर उंच राहतो, तेवढ्याच जागेत कंपाउंड बसतं. कणा खाली दबला तर वर कितीही लिंपा, कोपरा सरळ येत नाही.

पहिल्या हाताला पाण्यात कालवायची, आपोआप घट्ट होणारी पावडर घ्या. पीओपीसारखंच आहे ते, पाणी शोषून जिप्सम पुन्हा दगड होतं. म्हणून पावसाळी हवेतही घट्ट होतं आणि आकसत कमी. पण थोडं थोडंच कालवा, घमेल्यात आवळलं की त्यात पुन्हा पाणी घालून चालत नाही. बादलीतलं तयार कंपाउंड वाळूनच कडक होतं. आत्ता पुण्यात पाऊस धरलाय, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या हाताला ते वापरलंत तर एक दिवस पुरेल असं समजू नका. गडद, ओलसर डाग दिसतोय तोवर पुढचा हात नाही, मिस्त्री कितीही घाई करोत. पहिला हात सहा इंची पत्तीनं, मग दहा, मग बारा इंची, दर वेळी आधीच्यापेक्षा बाहेरपर्यंत पसरत. पत्ती कण्यावर टेकवूनच ओढायची. शेवटी कण्याची बारीक रेघ उघडी दिसली तर घाबरू नका, ती रंगाखाली जाते.

घासायच्या दिवशी आजीला आत्याकडे पाठवा. ती पूड पिठापेक्षा बारीक असते, दाराखालूनही जाते आणि आजीचा खोकला तुम्हाला माहीतच आहे. शक्य तिथे ओल्या स्पंजनंच घासायला सांगा आणि तुम्ही स्वतः चांगला मास्क लावा, रुमालावर भागवू नका.

मग प्रायमरच्या आधी रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून धरा, प्रकाश भिंतीवरून सरपटत जाईल असा. कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना, वरपासून खालपर्यंत. कुठे सावली पडली तर पेन्सिलीनं गोल करा आणि मला व्हिडिओ पाठवा. तुमची रात्र म्हणजे इथली सकाळ, मी कामावर जायच्या आधी बघून लगेच कळवीन.

आणि रंग वाळला की आजीला एकदा तिथून चालवून बघा. तिचा हात कोपऱ्यावर नेमका कुठे टेकतो तेवढं मला सांगा.

आईला नमस्कार, आजीला साष्टांग.

तुमची
मनू