बाबा, घरातल्या खोडी मीच लिहून दिल्या आहेत

ती. आई आणि बाबा,
शि. सा. न.

मायना नीट लिहिलाय, बघा. आता पुढचं वाचून चिडू नका.

करासाठी केलेल्या घराच्या मूल्यांकनाला आपण हरकत घेतली आहे. ‘आपण’ म्हणजे मी फोनवर सांगत होते आणि तुम्ही दुपारी झोपला असताना आईनं सबमिटचं बटण दाबलं. घर दोघांच्या नावावर आहे, तेव्हा तिनं काही वावगं केलेलं नाही. रागवायचं तर माझ्यावर, आणि तेही चहा झाल्यावर.

तुम्ही नोटिशीचा फोटो पाठवलात, खाली ‘बघ, घराची किंमत!’ असं लिहून. ४,१२,००० डॉलर. समोरच्या काकांनाही सांगून आलात म्हणे. बाबा, ती शाबासकी नव्हे हो. आपल्याला घर विकायचंच नाही, मग किंमत वाढली काय नि न वाढली काय, आपल्या हाती येतं ते बिलच.

‘सरकारशी वाद कशाला’ हे तुम्ही म्हणणारच. पण हा वाद नाही. टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे शाळा, काउंटी, शहर यांचा मोठा भार घरांच्या करावर पडतो. किंमत ठरवणारी माणसं आपल्या घरात पाऊल टाकत नाहीत. गल्लीतल्या विक्रीवरून आणि क्षेत्रफळावरून ढोबळ हिशोब होतो. तो चुकू शकतो, म्हणून तर कायद्यात हरकतीची सोय आहे: १५ मेपर्यंत, किंवा नोटीस धाडल्यापासून ३० दिवस, जे नंतर येईल ते. आईला मी दोन्ही खुणा करायला लावल्या, किंमत बाजारभावापेक्षा जास्त लावली आहे ही एक आणि आसपासच्या घरांच्या मानानं असमान आहे ही दुसरी. एकच केली की दुसऱ्या मुद्द्यावर बोलायची पंचाईत होते.

तुमचा दुसरा मुद्दाही पाठ आहे मला, की पासष्टीनंतर कर गोठतो. गोठतो, पण शाळेचा. नोव्हेंबर २०२५च्या मतदानानं त्यातली सूटही वाढली, राहत्या घराला १,४०,००० आणि ज्येष्ठांना वर ६०,०००. काउंटी आणि शहराचं मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि आपल्याकडे ते गोठलेले नाहीत. मागची तीन बिलं शेजारी ठेवून बघा, वाढ तिथेच आहे.

आता खरं अवघड. किंमत जास्त आहे म्हणायचं तर घरात काय काय बिघडलंय ते लिहावं लागतं. रात्री लिहायला बसले आणि तुमच्या पाठीमागे तुमचीच चहाडी करतेय असं वाटायला लागलं. न्हाणीघराचं दार बसत नाही. छपरावर गारांचे वण आहेत. स्वयंपाकघराच्या दारावरची तिरकी भेग.

लहानपणी ऑगस्टात तुम्ही रोज संध्याकाळी घराच्या पायाच्या कडेनं नळी धरून उभे असायचात. माती आक्रसते, घर खचतं, हे तुम्ही समजावलं होतं म्हणे. मला आठवतं ते एवढंच की बाबा घराला पाणी पाजतात. घर वाढेल आणि वर आणखी एक मजला येईल, अशी माझी पक्की समजूत होती.

भेगेवर आईनं कॅलेंडर लावलंय. डिसेंबरात आले होते तेव्हा ते काढून बघितलं. भेग जिथे संपते तिथे पेन्सिलची बारीक आडवी रेघ आणि शेजारी तुमच्या अक्षरात तारीख. ३१.१२.१६, मग बोटभर वर ३१.१२.१८, आणि अशाच छताच्या दिशेनं सरकत गेलेल्या. बाबा, मूल्यांकन धरतात ते १ जानेवारीला घर ज्या अवस्थेत असेल त्यावर. तुम्ही नऊ वर्षं बरोबर आदल्या दिवशी पुरावा लिहून ठेवलाय! मी फोटो काढलेत, शेजारी मापाला क्वार्टरचं नाणं धरून.

हिशोब देते, म्हणजे उगाच करतेय असं वाटायला नको. नोटिशीवर दोन आकडे आहेत, वरचा बाजारभाव आणि खालचा करासाठी धरलेला. कर वरच्यावर नाही, खालच्यावर लागतो, आणि राहत्या घराचा तो आकडा वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. गेल्या वर्षी तो ३,५०,००० होता, म्हणून यंदा ३,८५,०००. पाया आणि छपराच्या दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक ४४,०००चं आलंय. वरच्या ४,१२,०००मधून तेवढे पूर्ण वजा झाले तर ३,६८,०००, मग खालचाही तेवढाच, झाले नाहीत तर नाही. यंदा वाचतील दीड-दोनशे डॉलर. हसा. पण पुढच्या वर्षीचे १० टक्के या खालच्या आकड्यापासून मोजतील.

आणि दोनशे डॉलरसाठी मी एवढी धडपडले नसते हेही तुम्ही ओळखलं असेलच. पाया दुरुस्त करणारा माणूस घरात यावा, हे मला गेल्या दिवाळीपासून हवं होतं. उंबऱ्यापाशी फरशी उचलली आहे आणि आई तिथे दोनदा ठेचकाळली. तुम्हाला सांगू नकोस म्हणाली होती. आई, सॉरी.

आता ऐका. आधी मूल्यांकन कार्यालयातल्या माणसाशी साधी बोलणी होतात, बऱ्याचदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर मंडळापुढे सुनावणी. मंडळावर तुमच्या-आमच्यासारखेच स्थानिक लोक असतात, त्या कार्यालयाचे नोकर नाहीत. फोनवरही करता येते, कोट काढायची गरज नाही. त्यांचा पुरावा मी आधी मागवला आहे, तो सुनावणीच्या १४ दिवस आधी द्यावा लागतो. कर फार आहे, पेन्शन पुरत नाही, यातलं एक अक्षर बोलू नका. दर ते ठरवत नाहीत, ते फक्त किमतीचं ऐकतात. ‘तसं घर छान आहे’ असं तर अजिबात म्हणायचं नाही. छान आहेच, ते मला माहीत आहे, तेवढं पुरे. तुमच्या वतीनं मी बोलावं असं वाटत असेल तर सोबतच्या फॉर्मवर सही करा, निळ्या फुलीपाशी. आणि बिल आलं की वाद चालू असला तरी मुदतीत भरायचं, मग भले जानेवारी उजाडो.

पायावाले जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतील, त्या आठवड्यात मी तिथे आहे. आईची खुर्ची, देव आणि तुमचा रेडिओ पुढच्या खोलीत मीच हलवेन, तुम्ही काही उचलायचं नाही.

आई, सुनावणी होईपर्यंत कॅलेंडर त्या खिळ्यावर परत लावू नकोस.

तुमची,
चिमी