गाडी मागे फिरत नाही म्हणे

लिएज, बेल्जियम
रविवार

ती. आप्पांस सा. न.

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं म्हणून हे पत्र. चिन्मयला पहिल्या महायुद्धाची कारणं लिहायची आहेत, आणि तुम्ही त्याला सांगितलंत की साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार असे मुद्दे काढ आणि शेवटी साराजेव्होची गोळी घाल, गुण मिळतील. गुण मिळतीलच. पण मी राहते त्याच गावातून जर्मन सैन्य पुढे गेलं, त्यामुळे इथे आल्यापासून त्या एका महिन्याबद्दल हाताला लागेल ते वाचत गेले. ते वाचताना सारखं वाटत होतं की हे इतिहासाच्या मास्तरांपेक्षा स्टेशनमास्तरांना जास्त कळेल. म्हणून चिन्मयऐवजी तुम्हाला लिहितेय.

साराजेव्होचं पटकन उरकते. २८ जून १९१४. सकाळी एकाने टाकलेला बाँब युवराजाच्या मोटारीवरून घरंगळून मागच्या मोटारीपाशी फुटला. पुढे ड्रायव्हर चुकीच्या रस्त्याला वळला आणि गाडी थांबली ती गाव्रिलो प्रिन्सिपच्या पुढ्यात. पोरगा एकोणीस वर्षांचा, बोस्नियातला सर्ब, म्हणून ऑस्ट्रियाने दोष शेजारच्या सर्बियावर ठेवला. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी, दोघंही गेली. त्यानंतर महिनाभर युद्ध झालंच नाही! आपण पाठ केलेल्या उत्तरांत गोळी सुटते आणि पुढच्याच ओळीत तोफा सुरू होतात. मधला महिना कुठे गेला, हे आम्हीही शाळेत कधी विचारलं नाही.

त्या महिन्यात काय झालं? ५ जुलैला जर्मन कैसरने, म्हणजे सम्राटाने, ऑस्ट्रियाला कळवलं की तुम्ही सर्बियाचं काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत, आणि तो नॉर्वेच्या किनाऱ्याला बोटीतून फिरायला निघून गेला. ऑस्ट्रियाने २३ जुलैला सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली. तीही फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष रशियाच्या भेटीवरून परतीच्या बोटीत बसेपर्यंत थांबून, म्हणजे दोन मित्रांना समोरासमोर बसून ठरवता येऊ नये. सर्बियाने जवळजवळ सगळं मान्य केलं. ते उत्तर २८ तारखेला कैसरने वाचलं आणि शेरा मारला की आता युद्धाला कारणच उरलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. पाठिंब्याचा कोरा चेक आधीच वटला होता.

आता तुमचं खातं येतं. त्या काळी लाखोंचं सैन्य हलवायला रेल्वेशिवाय दुसरं साधन नव्हतं. कुठली पलटण कुठल्या स्टेशनात कुठल्या गाडीत चढणार, कुठे पाणी घेणार, कुठे उतरणार, हे प्रत्येक देशाने शांततेच्या काळातच मिनिटामिनिटाने आखून ठेवलेलं. सर्बियाच्या पाठीराख्या रशियाच्या झारने २९ जुलैला संपूर्ण सैन्य जमवण्याचा हुकूम दिला, आणि रात्री कैसरची तार आली म्हणून तो मागे घेतला. (दोघे नात्यातले. एकमेकांना विली आणि निकी म्हणायचे, तारा इंग्रजीत.) दुसऱ्या दिवशी सेनापती अडून बसले. फक्त ऑस्ट्रियाच्या बाजूची अर्धी जमवाजमव करायला आमच्याकडे आराखडा नाही, ती सुरू केली तर पुढे पूर्ण करताना सगळ्या गाड्या एकमेकींत अडकतील, असं त्यांचं म्हणणं. ३० तारखेला झारने पुन्हा होकार दिला. तेव्हा जनरल स्टाफचा प्रमुख यानुश्केविच म्हणाला की आता मी माझा टेलिफोनच फोडून टाकतो, म्हणजे पुन्हा हुकूम फिरवायला मला कोणी गाठू शकणार नाही. कंट्रोलचा फोन मुद्दाम न उचलणाऱ्याच्या हातात सेक्शन दिला तर काय होईल, ते मी तुम्हाला काय सांगणार.

१ ऑगस्टला संध्याकाळी पाचच्या सुमारास बर्लिनमध्ये कैसरने जमवाजमवीच्या हुकमावर सही केली. थोड्याच वेळात लंडनच्या जर्मन वकिलाची तार आली. फ्रान्सवर हल्ला केला नाही तर इंग्लंड फ्रान्सला गप्प ठेवेल, असा तिचा अर्थ लागत होता. कैसर खूश झाला. सेनापती मोल्टकेला म्हणाला, मग सगळं सैन्य पूर्वेला रशियाकडे वळवू. मोल्टके म्हणाला, ते होणार नाही. वर्षभर खपून केलेली आखणी आहे, ती बदलली तर पूर्वेला सैन्य न पोचता हत्यारबंद लोकांची नुसती झुंड पोचेल. कैसरने टोला मारला, "तुमच्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं." काका म्हणजे थोरला मोल्टके, ज्याने १८६६ आणि १८७० ची युद्धं रेल्वेच्या जोरावर जिंकली.

धाकट्याची खरी अडचण अशी की पूर्वेकडचा वेगळा आराखडा दरवर्षी ताजा करणं त्याने १९१३ मध्ये बंदच केलं होतं. उरला एकच आराखडा: आधी बेल्जियममधून जाऊन सहा आठवड्यांत फ्रान्सला पाडायचं, मग रशियाकडे वळायचं. हॉलंडला हात लावायचा नाही असंही ठरलेलं, त्यामुळे उजव्या बाजूच्या सगळ्या सैन्याला लिएजच्या चिंचोळ्या वाटेतून काढणं भाग होतं. म्हणून सैन्य पुरतं जमायच्या आत, पहिल्या तीन-चार दिवसांतच, लिएज घ्यायचं. बाकीच्या देशांत सैन्य जमवून सरहद्दीवर थांबता येत होतं. जर्मनीच्या वेळापत्रकात थांबायला जागाच ठेवली नव्हती. मला विचाराल तर चिन्मयच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा हा एक मुद्दा जड आहे.

त्या संध्याकाळची एक गंमत तुमच्यासाठी राखून ठेवली होती. लिएजहून लक्झेंबर्गला जाताना सरहद्द ओलांडली की त्रॉवियेर्झ नावाचं लहानसं स्टेशन लागतं. मागच्या महिन्यात मी मुद्दाम तिथे उतरले. फलाटावर मी आणि सायकलवाला एक मुलगा. १ ऑगस्टला संध्याकाळी सातच्या सुमारास मोटारींतून आलेल्या जर्मन तुकडीने हे स्टेशन आणि तिथलं तार ऑफिस ताब्यात घेतलं. पश्चिमेकडच्या युद्धातलं हे पहिलं पाऊल, आणि ते पडलं स्टेशनमास्तरच्या खोलीत! कैसरने तिकडे ‘थांबा’ म्हटलं होतं, म्हणून थोड्या वेळाने दुसऱ्या मोटारी आल्या आणि चूक झाली म्हणून सांगितलं. रात्री लंडनहून राजाचा खुलासा आला की असा काही प्रस्तावच नाही. कैसर मोल्टकेला म्हणाला, आता तुम्हाला हवं ते करा. दुसऱ्या दिवशी सबंध लक्झेंबर्ग व्यापलं गेलं. मग ३ तारखेला फ्रान्स, ४ तारखेला बेल्जियम. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात होती, तिच्यावर बोट ठेवून त्याच रात्री इंग्लंडही उतरलं. कोलोनला ऱ्हाइनवरचा जो पूल आहे, त्यावरून २ ते १८ ऑगस्ट दर दहा मिनिटांना एक गाडी जात होती, एकूण २१५० गाड्या.

गाड्या खरंच फिरवता आल्या नसत्या का? जर्मन रेल्वे विभागातल्याच एका जनरलला मोल्टकेचं ते वाक्य इतकं झोंबलं की त्याने १९२५ मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिलं की सातांपैकी चार आर्मी १५ ऑगस्टपर्यंत पूर्वेला नेता आल्या असत्या. दुसऱ्या बाजूने ऑस्ट्रियाचं पाहा. त्यांची दुसरी आर्मी सर्बियाकडे निघाली आणि रशिया अंगावर आला. रेल्वेवाले म्हणाले, आता मध्येच वळवली तर सगळाच घोळ होईल. आधी पोचू दे, मग परत आणू. ती आर्मी डॅन्यूबला जाऊन पोचली आणि तिथून पुन्हा गाडीत बसून रशियाच्या सरहद्दीवरच्या गॅलिशियाला उशिरा आली. म्हणजे अडचण खोटी नव्हती. पण तिच्यापायी युद्धच करावं लागलं हे मला पटत नाही. निर्णय राजांचे आणि मंत्र्यांचे होते, आणि ते अंगाशी आल्यावर सगळे वेळापत्रकामागे जाऊन उभे राहिले.

लिएजभोवती बारा किल्ले होते. त्यातल्या लोन्सँला मी जाऊन आले. १५ ऑगस्टला ४२० मिलिमीटरच्या तोफेचा गोळा दारूकोठारात फुटला आणि साडेतीनशेच्या आसपास जवान एका क्षणात गेले. काँक्रीटचे घराएवढे तुकडे उलटेसुलटे पडलेत, आणि त्यांच्याखालून बरेच जण अजूनही काढलेले नाहीत. शाळेच्या सहली येतात. मुलं आत गेल्यावर आपोआप हळू बोलायला लागतात.

युद्धाचा पहिला कलाटणीबिंदू मार्न, सप्टेंबर १९१४. त्याचं श्रेय पॅरिसच्या टॅक्सींना देतात. त्यांनी नेले पाच-सहा हजार, बाकीचे रेल्वेनेच गेले. खरा हिशेब असा: जर्मन सैन्य महिनाभर चालत आपल्या रुळांपासून लांब आलं होतं, कारण बेल्जियन लोकांनी माघार घेताना पूल आणि बोगदे उडवून दिले होते. उलट फ्रेंच सेनापती जोफ्रच्या हातात स्वतःची धड रेल्वे होती, तिच्यावरून त्याने पूर्वेकडचं सैन्य पॅरिसजवळ आणून उभं केलं. मोल्टकेने ऐन वेळी दोन कोअर (सैन्याचे मोठे गट) काढून पूर्वेला रवाना केल्या. तिथली रशियाविरुद्धची टॅनेनबर्गची लढाई त्या पोचण्याआधीच जिंकून झाली होती, आणि मार्नला त्या नव्हत्या. दोन्ही लढायांना त्यांचा उपयोग शून्य! सहा आठवड्यांचा आराखडा तिथेच मोडला आणि समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंत खंदक खणले गेले.

आपल्याकडच्यांचंही सांगायला हवं. टिळक मंडालेहून सुटून पुण्यात आले ते ह्याच जूनमध्ये, साराजेव्होच्या दहा-बारा दिवस आधी. त्याच पुण्याचं नाव लावणारी सहावी डिव्हिजन, मराठा पलटणींसकट, मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूतला अडकली. डिसेंबर १९१५ ला पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. सोडवायला निघालेल्यांना बसऱ्याहून वर जायला रेल्वे नव्हती, आणि तैग्रिस नदीत बोटी पुरेशा नव्हत्या. पुढे तिथे रूळ टाकले ते हिंदुस्थानातून नेलेले. आपल्याकडचे काही फाटे त्यासाठी उखडले गेले. तुमच्या जुन्या लोकांत याच्या काही आठवणी निघायच्या का?

दुसरा कलाटणीबिंदू माझ्या मते कुठल्याच रणांगणावर नाही. फ्रान्समध्ये वर्दं आणि सोमच्या लढायांत १९१६ भर लाखो माणसं गेली आणि आघाडी काही मैल हलली. युद्ध फिरलं ते ९ जानेवारी १९१७ ला, प्लेसच्या गढीतल्या जर्मन मुख्यालयात, टेबलावर. जर्मन नौदलाच्या होल्ट्झेनडॉर्फने निवेदन मांडलं होतं: पाणबुड्यांनी महिन्याला सहा लाख टनांची जहाजं बुडवली तर इंग्लंड पाच महिन्यांत गुडघे टेकेल. अमेरिका चिडली तरी तिचं सैन्य येईपर्यंत खेळ संपलेला असेल. चॅन्सेलरला पटत नव्हतं, तरी त्याने मान तुकवली. एप्रिलमध्ये आठ लाख टनांहून जास्त जहाजं बुडाली, म्हणजे आकड्यांनी शब्द पाळला. इंग्लंडने मात्र जहाजं ताफ्याने, पहाऱ्यात न्यायला सुरुवात केली, आणि ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली होती. पुन्हा तेच बघा: बरोबर बेरजा केलेला कागद, आणि ‘चुकलं तर काय’ असं विचारणाऱ्याला भेकड ठरवायची घाई.

शेवटाचं थोडक्यात. रशिया क्रांतीत कोसळला, तिकडचं सैन्य जर्मनीने गाड्यांत घालून पश्चिमेला आणलं आणि २१ मार्च १९१८ ला मोठी मुसंडी मारली. ॲमियाँचं जंक्शन त्यांच्या हाती लागलं नाही, आणि ८ ऑगस्टला त्याच ॲमियाँसमोर त्यांची फळी फुटली. घरी जर्मनीत नाकेबंदीमुळे लोकांनी १९१६-१७ चा हिवाळा सलगमावर काढला होता. ११ नोव्हेंबरला युद्धबंदीवर सह्या झाल्या त्याही कोंपिएन्यच्या जंगलात, सायडिंगला लावलेल्या रेल्वेच्या डब्यात.

तुम्हाला एक विचारायचंय. लष्कराच्या स्पेशल गाड्या तुम्ही सेक्शनमधून काढून दिल्या आहेत. अशी एक गाडी निम्म्यात असताना वरून निरोप आला की दुसरीकडे न्या, तर इंजिन, गार्ड-ड्रायव्हरची ड्यूटी, समोरून येणाऱ्या गाड्या, उतरवायचा धक्का, हे सगळं धरून किती वेळ जाईल? आणि एक नसून रोज शे-दोनशे गाड्या असल्या तर? सविस्तर लिहा, फोनवर नको. फोनवर तुम्ही दोन वाक्यांत आटपता.

आईच्या मोतीबिंदूची तारीख ठरली की कळवा, त्याप्रमाणे रजा टाकते. वहिनीने पाठवलेली चटणी पोचली, डबा जरा गळला होता पण चटणी उत्तम आहे. चिन्मयला आशीर्वाद, आईला सा. न.

तुमची,
मंजू