पुंगळी कुठं जमा करू?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी बँडवाला. मराठवाड्यात एकवीस वर्षं वरातीत ट्रम्पेट वाजवतो. म्हणजे वाजवत होतो. या लगीनसराईत नवरदेव पारावर आला आणि त्याच्या मामांनी हौसेनं पिस्तूल काढलं. दोन बार आभाळात गेले, तिसऱ्याला हात खाली आला. गोळी सिमेंटच्या रस्त्यावर आपटली आणि तिचा तुकडा माझ्या उजव्या हातात घुसला. ट्रम्पेटला बटणं तीनच असतात, साहेब. माझी त्यातली दोन बोटं आता वळत नाहीत. सात लग्नांचे बयाणे परत केले, बायकोची बोरमाळ गहाण पडली.

ठाण्यात गेलो, तर म्हणाले, "फटाका लागला असेल." फटाक्याला पितळेची पुंगळी असते का? हलगीवाल्या पोरानं ती उचलून आणली होती. तिला कुणी हात लावला नाही. मामा पुढाऱ्यांच्या जवळचे आहेत, परवाना 'आत्मसंरक्षणा'साठी आहे. वरातीत त्यांना कुणापासून धोका होता, माझ्या ट्रम्पेटपासून?

कायदा नाही असं नाही. २०१९ ला शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं माणशी तीन शस्त्रांची दोन केली. उपकारच झाले. दोन हातांना दोन पुरतात.

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख डिसेंबर २०२४ मध्ये मारले गेले, तेव्हा कळलं की एका बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने आहेत. तपासू, रद्द करू, असं आपल्या सरकारनं सांगितलं. काही झाले म्हणे. पण त्याआधीच, २०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरला थेट पोलीस ठाण्यात, निरीक्षकाच्या दालनात गोळ्या सुटल्या आणि अटक झाली ती सत्ताधारी आमदाराला. सहा दिवसांनी दहिसरला फेसबुक लाईव्ह चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांवर गोळ्या झाडल्या, त्या मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या पिस्तुलातून. गावठी कट्ट्यांवर धाडी जरूर घाला, पण या परवान्याच्या पिस्तुलांचं काय?

माझं मागणं लहान आहे. परवान्यावर काडतुसं किती घ्यायची ते लिहिलेलं असतं. दर वर्षी ती मोजा आणि कमी भरली तर कुठं गेली ते विचारा. रेशनच्या पाच किलो धान्याला आमचा अंगठा लागतो. मशीननं ओळखला नाही तर आम्ही उपाशी. काडतुसाला तेवढी तरी विचारपूस नको?

रात्री दहाला एक मिनिट झालं की वर्दी हजर. "बँड बंद कर, गाडीत घालू का?" दोनदा घातलंय मला गाडीत, ट्रम्पेटसकट. मामांचे तिन्ही बार सव्वानऊला झाले. तेव्हा बंदोबस्ताचे दोघं जेवायला बसले होते. आहेरात त्यांना टॉवेल-टोपीही मिळाली.

पुंगळी माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात आहे. ती कुणाच्या टेबलावर ठेवायची आणि पोच कोण देणार, तेवढं कळवा.

आपला,
एक बँडवाला
(सही डाव्या हाताची आहे, समजून घ्या.)