तहकूब ग्रामसभेची पळवाट

मा. संपादक,

महोदय,

ग्रामसभेला लोक येत नाहीत, अशी तक्रार सरपंचांपासून गटविकास अधिकाऱ्यांपर्यंत सगळेच करतात. लोक आले नाहीत तरी कुणाचे काही अडत नाही, हे मात्र कुणी बोलत नाही. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा धरतात. म्हणजे 600 मतदारांच्या गावाला 90 जण हवेत आणि 3,000 मतदारांच्या गावालाही 100 पुरतात. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मग पंचवीस-तीस जणांत गावाच्या वर्षभराच्या कामांचा आराखडा मंजूर होतो.

दुसरी गोम प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत आहे. अनेक ठिकाणी सह्या आधी घेतल्या जातात, ठराव नंतर सवडीने लिहिले जातात. उपाय अगदी साधा आहे. शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारावी, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह प्रत्येक ठराव तिथेच लिहून मोठ्याने वाचावा आणि त्या पानांची प्रत त्याच दिवशी सूचना फलकावर लावावी. यासाठी नवा निधी लागत नाही की नवा शासन निर्णय.

लोकांचा विश्वास उडतो तो मुख्यतः ‘मागील इतिवृत्त वाचून कायम करणे’ या पहिल्याच विषयापाशी. तो दोन मिनिटांत उरकतात. खरे तर मागच्या प्रत्येक ठरावापुढे चार गोष्टी सांगायला हव्यात: काम कुठवर आले, किती खर्च झाला, कुणाकडे अडले, पुढची तारीख कोणती. ‘पंचायत समितीकडे पाठवले’ एवढ्यावर भागवू नये. पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांकही सांगावा.

पैशांबाबतचे गैरसमजही बरेचसे न सांगण्यातून होतात. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या वर्षांसाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा 60 टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला. उरलेला 40 टक्केच अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे इतर कामांना वापरता येणारा. लोक रस्ता मागतात, गटाराचे काम निघते आणि गावभर चर्चा होते की पैसे खाल्ले. (कधी कधी खाल्लेलेही असतात, ते वेगळे.) आराखड्यावर बोलणे सुरू होण्याआधी बंधित किती, अबंधित किती, करवसुली किती, हे आकडे फळ्यावर लिहिले तर निम्मे वाद तिथेच मिटतील. उरलेल्या निम्म्यांसाठी कामाच्या जागी फलक हवा आणि त्यावर अंदाजपत्रकी रक्कम, ठेकेदार, लांबी-रुंदी-जाडी, सुरुवात व पूर्णत्वाची तारीख. जाडी लिहिलेली असेल तर टेप घेऊन कोणीही मोजू शकतो. हा फलक बहुधा काम संपल्यावर, देयकाला जोडायच्या फोटोपुरताच उभा राहतो. तो खडी पडण्याआधी लावावा.

महिला सभेचेही तेच. नियमित ग्रामसभेच्या आधी ती घेणे बंधनकारक आहे, पण बऱ्याचदा ती कागदावरच होते. तिचे ठराव ग्रामसेवकाने (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने) पुटपुटण्याऐवजी मांडणाऱ्या महिलेनेच ग्रामसभेत वाचावेत.

राहिली तहकूब सभा. तिला किमान गणपूर्ती नियमातच घालावी लागेल. तोवर निदान आराखडा, लाभार्थी निवड आणि करवाढ हे तीन विषय तहकूब सभेत घेणार नाही, असा ठराव पुरेशी गणपूर्ती असलेल्या ग्रामसभेने स्वतःच करून ठेवावा.

आपला,
एक वाचक