‘किती चुकलं?’ असं विचारणाऱ्या सरांना

निदेशक सर,
स. न. वि. वि.

समोर आले की तुम्ही ‘अहो ताई, त्यात काय’ म्हणून विषय मोडता, म्हणून लिहूनच टाकते.

आमच्या पोराला आधीच्या शाळेने ‘ढ’ ठरवून पाठवलं होतं. तिथे कार्यानुभवाच्या तासाला गणित चालायचं, आणि प्रकल्प म्हणजे थर्माकोलचा ज्वालामुखी. तोही स्टेशनरीच्या दुकानातला, त्यावर रात्री बारापर्यंत रंग मी मारायचा. पोराला त्याचे गुण मिळायचे बरं का!

तुमच्याकडे आठवड्यातला एक दिवस वर्कशॉप, शेती, वायरिंग, स्वयंपाक. हे सगळं पाबळच्या विज्ञान आश्रमातून आलं, डॉ. कलबागांनी कंपनीतली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून 1983 मध्ये त्या दुष्काळी गावात ते उभं केलं, हे तुम्हीच पालकसभेत सांगितलंत. मला तेव्हा खोटं कशाला बोलू, धास्तीच वाटली होती. पोरगं शिकायला पाठवलं की वेल्डिंगला? नंतर वर्गातल्या पोरींनीच माझं हिमोग्लोबिन तपासलं, 9 निघालं, म्हणजे कमीच, तेव्हा जरा गप्प बसले. हल्ली भाजी लोखंडी कढईत करते.

पण पत्र त्यासाठी नाही. एसटी थांब्यासाठी पोरांनी अँगलचा बाक केला, त्या दिवसासाठी आहे. बाक डुगडुगत होता. तुम्हाला बसताक्षणी कळलं असणार, तरी तुम्ही त्यावर डुलत अख्खा चहा संपवलात. शेवटी हाच म्हणाला, “सर, माझा पाय चुकला.” तुम्ही खिशातली टेप त्याच्या हातात दिलीत आणि विचारलंत, “किती?”

एवढंच. आजवर त्याला सगळ्यांनी ‘का चुकलं?’ विचारलं, मीसुद्धा. त्याला काय उत्तर द्यायचं पोराने? मान खाली घालायची, दुसरं काय. ‘किती?’ला उत्तर असतं. सहा एमएम. त्याने सहा एमएमच्या पट्टीचा तुकडा कापला, पायाखाली वेल्ड केला, काटकोन बघायचा गुण्या लावून पाहिला, आणि त्या रात्री जेवताना तासभर बोलत होता. आमच्या घरात हे नवीन होतं.

पोराच्या चुकीवर न हसणारी, आणि ती हातातून काढून स्वतः दुरुस्त करायलाही न धावणारी माणसं फार नाहीत हो. बाकीच्यांना घाई असते.

आता एक अडचण झालीय. त्याने घरातलं प्रत्येक स्टूल मोजून सरळ केलंय, फक्त देवघरातला चौरंग मुद्दाम तसाच डुगडुगता ठेवलाय. रविवारी जेवायला या. त्यावर ताट मांडून तुम्हाला “किती?” विचारायचा बेत आहे त्याचा. टेप घेऊनच या.

तुमच्या नववीतल्या मिस्त्रीची आई