आधी आई-बाबांचे लिही

आदरणीय ताई,

तुमचे नाव लिहिण्याची परवानगी मी घेतलेली नाही, म्हणून ते इथे येणार नाही. पण हे आभार चारचौघांत मानल्याशिवाय मला राहवत नव्हते.

भरपूर पगाराची नोकरी धरायची आणि त्यातला ठरावीक वाटा आयुष्यभर दान करायचा, हा विचार मी ज्यांच्यापुढे मांडला त्यांतल्या बहुतेकांनी तो उडवून लावला. विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनी "समाजसेवाच करायची तर लंडनच्या बँकेत कशाला जातेस?" असे म्हणून विषय मिटवला, आणि नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी आधी घर घे, मग परोपकार कर, असे बजावले. 2009 साली ऑक्सफर्डमध्ये टोबी ऑर्ड आणि विल्यम मॅकॅस्किल या तत्त्वज्ञांनी उत्पन्नाचा किमान दहावा हिस्सा देण्याची प्रतिज्ञा सुरू केली, हे मी वाचले होते. परंतु गावी पैसे पाठवणाऱ्या मुलीने ती निभवायची कशी, हे मला कोणीही सांगितले नव्हते.

ते तुम्ही दाखवलेत. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही तुमची घरखर्चाची वही उघडून माझ्यापुढे सरकवलीत. पहिल्या ओळीत आईच्या औषधांचे पैसे होते, दुसऱ्या ओळीत मलेरियापासून वाचवणाऱ्या मच्छरदाण्यांसाठीचे दान, आणि घरभाडे त्यांच्याही खाली. मग मागचे एक कोरे पान फाडून, पेन्सिल माझ्या हातात देत तुम्ही एवढेच म्हणालात, "आधी आई-बाबांचे लिही." दिवसभर दुसऱ्यांचे कोट्यवधी मोजणाऱ्या आपल्या व्यवसायात स्वतःचा पगार कोणी कोणाला कळू देत नाही. तुम्ही मला सगळा हिशेब दाखवलात, तोही काल-परवा रुजू झालेल्या मुलीला.

मलेरियाने जगात दरवर्षी सुमारे 6 लाख माणसे जातात, त्यांत बहुतांश आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले. आणि कीटकनाशक लावलेली एक मच्छरदाणी घरापर्यंत पोहोचवायला अवघे 5-6 डॉलर लागतात. हे आकडे मला ठाऊक होते. ते महिन्याच्या जमाखर्चात कुठल्या ओळीवर बसतात, हे त्या दिवशी समजले.

नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स ही क्रिप्टोचलनांच्या खरेदी-विक्रीची कंपनी कोसळली आणि दानासाठी कमावतो असे सांगणाऱ्या तिच्या संस्थापकाने, सॅम बँकमन-फ्राइडने, ग्राहकांचेच पैसे वापरल्याचे बाहेर आले (पुढे 2024 मध्ये त्याला 25 वर्षांची शिक्षा झाली), तेव्हा त्याच वडीलधाऱ्यांनी मला त्या बातम्या आवर्जून पाठवल्या. मला मात्र त्याच्या कितीतरी आधी तुम्ही बजावलेले आठवले: ज्याचा पैसा आहे त्याला जी कमाई दाखवता येत नाही, ती दानालाही चालत नाही. अशी सचोटीची माणसे बातमीत येत नाहीत, त्यांच्या नावाच्या पाट्या लागत नाहीत, आणि तरीही कित्येकांचे पाय त्यांच्यामुळेच जमिनीवर राहतात.

आमच्या विभागात नुकतीच आलेली दोन मुले आता मला हेच सारे विचारू लागली आहेत. माझा हिशेब मी त्यांना दाखवला आहे. तुमची हरकत नसेल, तर एकदा त्यांना तुमच्याकडे घेऊन येईन.

तुमची ऋणी,
एक धाकटी सहकारी